घरातील ध्वनिकक्ष : नव्या पिढीची नवी पेढी

पनवेल हे मूळचे व्यापारी गाव. खाडीतून येणारी गलबते, घाटावरून उतरणाऱ्या बैलगाड्या आणि तांदळाची उलाढाल यांवर हे गाव उभे राहिले. येथील नगरपालिका १८५२ सालची आणि श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना १८७२ सालचा. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. तालुक्यातील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. गावाचे शहर झाले, तसे घराघरांतील उद्योगही पालटले. आजोबा धान्याच्या किंवा कापडाच्या पेढीवर, वडील दुकानात आणि मुलगा अथवा मुलगी संगणकासमोर, असे चित्र आज अनेक व्यापारी कुटुंबांत दिसते.

या चित्रात अलीकडे आणखी एक भर पडली आहे. रात्री दहा-अकराच्या सुमारास मुलगा खोलीचे दार लावून घेतो, पंखा बंद करतो, कानांवर हेडफोन चढवतो आणि मायक्रोफोनसमोर बसून बोलू लागतो. बाहेरून वडील विचारतात, ‘‘अरे, इतक्या रात्री दार लावून कोणाशी बोलतोस?’’ आतून उत्तर येते, ‘‘पप्पा, रेकॉर्डिंग चालू आहे, दहा मिनिटं थांबा.’’ दहा मिनिटांचा तास होतो. दिवसभर नोकरी आणि रात्री हा उद्योग; यातून मिळते काय, असा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर नीट समजून घेण्याजोगे आहे, कारण त्या बंद खोलीत जे चालते त्यात भांडवल, श्रम, पत आणि वारसा या चारही गोष्टी गुंतलेल्या असतात.

पॉडकास्ट म्हणजे काय?

पॉडकास्ट म्हणजे श्रोत्याने आपल्या सोयीने ऐकावयाचा ध्वनिकार्यक्रम. आकाशवाणीचा कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागतो. तो चुकला की चुकला. पॉडकास्टचा भाग एकदा प्रसिद्ध झाला की श्रोता तो लोकलच्या प्रवासात, दुकान उघडताना किंवा सकाळी फिरताना केव्हाही ऐकू शकतो. अमेरिकेतील संगणकतज्ज्ञ डेव्ह वायनर यांनी २००० च्या सुमारास बातम्यांच्या ‘फीड’मध्ये ध्वनिफीत जोडण्याची सोय केली. दूरचित्रवाणीवरील निवेदक अ‍ॅडम करी यांनी तिचा पाठपुरावा करून २००४ मध्ये नियमित कार्यक्रम सुरू केला. ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द प्रथम ब्रिटिश पत्रकार बेन हॅमर्सली यांच्या फेब्रुवारी २००४ मधील ‘द गार्डियन’च्या लेखात आला. जून २००५ मध्ये अ‍ॅपल कंपनीने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टना जागा दिली आणि हा प्रकार जगभर पसरला.

या साऱ्यात फीड ही मर्माची गोष्ट आहे. फीड म्हणजे एक साधी यादी. कार्यक्रमाचे नाव, प्रत्येक भागाचे शीर्षक, तारीख आणि ध्वनिफीत कोठे ठेवली आहे तो पत्ता एवढेच तीत असते. ही यादी कोणत्याही कंपनीचे अ‍ॅप वाचू शकते. त्यामुळे कार्यक्रम करणाऱ्याला कोणा एका केंद्राची परवानगी लागत नाही आणि श्रोत्यालाही आपल्या पसंतीचे अ‍ॅप वापरता येते. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर ही खुली बाजारपेठ आहे. येथे आडत्याशिवाय माल थेट गिऱ्हाइकापर्यंत पोहोचतो.

मुंबईत अमित दोशी यांनी २०१५ मध्ये आयव्हीएम ही पॉडकास्ट संस्था सुरू केली. पुढे २०२० मध्ये ‘प्रतिलिपि’ने ती घेतली. अमित वर्मा यांचा ‘द सीन अँड द अनसीन’ हा इंग्रजी कार्यक्रम २०१७ पासून चालू आहे. त्याचे कित्येक भाग अनेक तासांचे असूनही श्रोते ते आवडीने ऐकतात. मराठीतही ‘थिंक बँक’, ‘मित्रम्हणे’, ‘अमुक तमुक’ अशा कार्यक्रमांनी दीर्घ संवादाला श्रोतावर्ग मिळवून दिला आहे. २०२० च्या टाळेबंदीत मोठमोठ्यांना घरूनच ध्वनिमुद्रण करावे लागले, तेव्हा घराच्या एका खोलीतूनही चांगले काम होऊ शकते हे सर्वांच्या ध्यानात आले.

खोली आणि तिचे आवाज

घरातील ध्वनिकक्ष म्हटले की महागडी यंत्रे डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात पहिला खर्च खोलीवर आणि तोही बहुधा घरातील जुन्या सामानातून करावयाचा असतो. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो. दहा बाय दहाच्या खोलीत मधोमध बसून बोलले, तर शब्द भिंतीवर आदळून साधारण एक शतांश सेकंदात परत येतो. एवढ्या अल्प वेळेचा प्रतिध्वनी कानाला वेगळा ऐकू येत नाही, परंतु तो मूळ आवाजात मिसळतो आणि बोलणे डब्यातून आल्यासारखे वाटते.

यावर उपाय कापडाचा. जाड पडदे, गाद्या, गोदड्या, तक्के, पुस्तकांनी भरलेले कपाट यांत ध्वनी शोषला जातो. म्हणूनच अनेक जण कपड्यांचे कपाट उघडे ठेवून त्याच्याकडे तोंड करून बोलतात. कापडाच्या दुकानात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना हे शिकवावे लागत नाही. ठाणांनी भरलेल्या गोदामात शिरताच स्वतःचाच आवाज मऊ आणि जवळचा वाटू लागतो, हा त्यांचा रोजचा अनुभव असतो. ज्या कुटुंबाचे कापडाचे गोदाम आहे, त्याच्याकडे एक उत्तम ध्वनिकक्ष तयारच आहे असे म्हणावयास हरकत नाही.

मात्र कापड आणि स्पंज खोलीतला प्रतिध्वनी कमी करतात. बाहेरचा गोंगाट अडवत नाहीत. तो अडवण्यासाठी जड भिंत, फटी बुजवलेले दार आणि घट्ट खिडकी लागते. पनवेलमध्ये आवाजांना तोटा नाही. रेल्वे जंक्शनवरचे भोंगे, महामार्गावरची अवजड वाहने, खिडकीतली कबुतरे, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आणि आता विमानेही. पावसाळ्यात तर खिडकीवरच्या पत्र्यावर कोकणचा पाऊस सुरू झाला की ध्वनिमुद्रण थांबवावेच लागते. त्यामुळे जाणते लोक रात्री उशिरा किंवा पहाटे काम करतात. दार लावून घेण्यामागे घरच्यांपासून काही लपवण्याचा हेतू नसतो. प्रयत्न शांतता मिळवण्याचा असतो.

यंत्रे, आकार आणि हिशेब

मायक्रोफोन दोन प्रकारचे असतात. कंडेन्सर प्रकारचा मायक्रोफोन अधिक संवेदनशील असल्याने बारीकसारीक आवाजही टिपतो. शांत, तयार केलेल्या खोलीत तो उत्तम. साध्या घरात तो शेजाऱ्यांचे बोलणेही नोंदवतो. डायनॅमिक प्रकारचा मायक्रोफोन मुख्यतः जवळचा आवाज घेतो, म्हणून घरासाठी तो बरा. शुअर कंपनीचा एसएम-७ हा १९७३ सालचा डायनॅमिक मायक्रोफोन. मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ या १९८२ च्या संगीतसंग्रहासाठी तो वापरला गेला आणि त्याची सुधारित आवृत्ती आजही पॉडकास्ट करणाऱ्यांच्या टेबलावर दिसते. तो बराच महाग आहे. परंतु संगणकाला थेट जोडता येणारा साधा मायक्रोफोन काही हजार रुपयांत मिळतो आणि आरंभाला तेवढा पुरतो.

यंत्रापेक्षा अंतर महत्त्वाचे. तोंड आणि मायक्रोफोन यांत एक वीत अंतर असावे. ते अंतर निम्मे केले की थेट पोहोचणाऱ्या आवाजाची तीव्रता चौपट होते. खोलीचा प्रतिध्वनी मात्र तेवढाच राहतो. म्हणजे काहीही खर्च न करता केवळ जवळ बसल्याने गुणवत्ता वाढते. संकलनासाठी ‘ऑडॅसिटी’ हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात त्याचा आरंभ झाला आणि २००० मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले.

आता साठ्याचा हिशेब पाहू. सामान्य दर्जाच्या ध्वनिमुद्रणात सेकंदाला ४४,१०० नोंदी होतात आणि प्रत्येक नोंद दोन बाइटची असते. एका तासाची मूळ फीत यामुळे सुमारे ३१७ मेगाबाइट होते. तीच फीत श्रोत्यांसाठी एमपी-३ मध्ये ६४ किलोबिट प्रतिसेकंद या दराने दाबली की सुमारे २९ मेगाबाइट उरते. श्रोत्याचा डेटा वाचतो; परंतु दाबताना जे गळून पडले ते परत मिळवता येत नाही. म्हणून मूळ फीत जपून ठेवणे हा या धंद्यातील पहिला नियम.

खरा खर्च वेळेचा आहे. एका तासाचा भाग तयार होण्यासाठी पाहुण्याचा अभ्यास, प्रश्नांची तयारी, ध्वनिमुद्रण, संकलन, शीर्षक आणि प्रसिद्धी यांत सहज सहा-आठ तास जातात. उत्पन्न मात्र फारच थोड्यांना मिळते आणि तेही बहुतेक वेळा काही वर्षांनंतर, जाहिराती किंवा श्रोत्यांच्या वर्गणीतून. केवळ रोख मिळकतीच्या स्तंभाकडे पाहिले तर हा व्यवहार तोट्याचाच दिसेल.

मग तंत्रज्ञ हे का करतात?

हे समजण्यासाठी सॉफ्टवेअर व्यवसायातील सामूहिक जीवन पाहावे लागते. या व्यवसायात ज्ञान वेगाने जुने होते. पाच वर्षांपूर्वी शिकलेली पद्धत आज कालबाह्य ठरू शकते. त्यामुळे तंत्रज्ञ एकमेकांकडून शिकतात. मुंबई-पुण्यात लिनक्स वापरकर्त्यांचे गट अनेक वर्षांपासून आहेत. पायथन या संगणकभाषेच्या चाहत्यांची ‘पायकॉन इंडिया’ ही परिषद २००९ मध्ये बंगळुरूत सुरू झाली आणि २०११ मध्ये ती पुण्यात भरली. पनवेल लोकलच्याच मार्गावर मानखुर्द येथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तेथील प्राध्यापक नागार्जुन यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा सातत्याने पुरस्कार केला.

व्यापारी कुटुंबांना सर्वांत जवळचे वाटेल असे उदाहरण ‘ईआरपीनेक्स्ट’चे आहे. ऋषभ मेहता हे शिक्षणाने औद्योगिक अभियंता. कुटुंबाच्या फर्निचर व्यवसायातील साठा, खरेदी-विक्री आणि हिशेब सांभाळण्यासाठी योग्य सॉफ्टवेअर बसवताना आलेल्या अडचणींतून त्यांनी स्वतःच ते लिहावयास घेतले. २००८ मध्ये मुंबईत आरंभ झालेल्या या कामातून ‘फ्रॅपे’ ही कंपनी उभी राहिली. त्यांनी ईआरपीनेक्स्टचा मूळ आराखडा सर्वांसाठी खुला ठेवला. कोणीही तो वाचू शकतो, वापरू शकतो, त्यात सुधारणा करू शकतो. पेढीवरच्या अडचणीतून निर्माण झालेले सॉफ्टवेअर आज अनेक देशांत वापरले जाते. फ्रॅपे आणि झिरोधा या कंपन्यांच्या पाठबळाने ‘फॉस युनायटेड’ ही संस्था २०२० पासून मुक्त सॉफ्टवेअरसाठी काम करते आणि निरनिराळ्या शहरांत तंत्रज्ञांचे मेळावे भरवते.

या मेळाव्यांत शनिवारी सकाळी पन्नास-साठ जण जमतात. कोणी आपण लिहिलेले सॉफ्टवेअर दाखवतो, कोणी आपली चूक सांगतो, कोणी दुसऱ्याची अडचण सोडवतो. शिकवणी घेतली जात नाही आणि फीही बहुधा नसते. व्यापारी मनाला हे प्रथम चमत्कारिक वाटते; परंतु जुन्या बाजारपेठेतील रीत आठवली की उलगडा होतो. पेढीवर चहाला बसलेले चार व्यापारी एकमेकांना भाव, पीकपाण्याचा अंदाज आणि कोणाचा शब्द पक्का हे सांगत. त्या गप्पांतूनच पत तयार होत असे आणि पुढचा व्यवहार त्या पतीवर चाले. तंत्रज्ञांच्या जगात असेच आहे. जो आपले ज्ञान मोकळेपणाने वाटतो, त्याचे नाव होते. त्या नावावर पुढची नोकरी, भागीदार किंवा गिऱ्हाईक मिळते.

घरातला ध्वनिकक्ष हा त्या पारावरच्या बैठकीचा विस्तार होय. पनवेलहून मुंबईत बैठकीला जाऊन परतण्यात दिवस मोडतो. मायक्रोफोनमुळे पनवेलचा तंत्रज्ञ पुण्याच्या, बंगळुरूच्या किंवा परदेशातील समव्यावसायिकाशी तासभर बोलू शकतो आणि ते बोलणे इतरांच्याही उपयोगी पडते. घरून काम करणाऱ्या तरुणांच्या वाट्याला जो एकाकीपणा येतो, त्यावरही हा एक चांगला उतारा आहे. दार बंद असले तरी तो माणसांतच असतो.

दुकान स्वतःचे की भाड्याचे?

येथे व्यापारी कुटुंबातील वडीलधाऱ्यांनी एक प्रश्न आवर्जून विचारावा, कारण तो तरुणांच्या ध्यानात पुष्कळदा राहत नाही. कार्यक्रम ज्या जागी ठेवला आहे, ती जागा कोणाची?

मोठ्या कंपन्या विनामूल्य जागा देतात. ती सोय मोहक आहे. पण फुकट मिळालेली जागा मालकाच्या मर्जीवर असते. ‘अँकर’ ही पॉडकास्ट ठेवण्याची लोकप्रिय सेवा स्पॉटिफायने २०१९ मध्ये विकत घेतली आणि २०२३ मध्ये तिचे जुने नाव पुसले गेले. ‘स्टिचर’ हे जुने अ‍ॅप ऑगस्ट २०२३ मध्ये बंद झाले. ‘गुगल पॉडकास्ट्स’ २०२४ मध्ये जगभर बंद झाले. ज्यांची फीड आणि मूळ फिती स्वतःजवळ होत्या, त्यांचे श्रोते दुसऱ्या अ‍ॅपवर जाऊन ऐकू लागले. कार्यक्रम अबाधित राहिला. ज्यांनी सारे काही एकाच कंपनीच्या हवाली केले असेल, त्यांना असा दिवस उजाडला की सर्व उभारणी पुन्हा करावी लागते.

यासाठी तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, संकेतस्थळाचे नाव स्वतःच्या नावे घ्यावे आणि त्याचे वार्षिक शुल्क वेळेवर भरावे. दुकानाची पाटी दुसऱ्याच्या नावे कोणी लावत नाही. दुसरी, मूळ फितींच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी.  तिसरी, या खात्यांना वारस नेमावा. ठेवींना आपण नामनिर्देशन करतो. परंतु संकेतशब्दांच्या आड ठेवलेल्या शेकडो तासांच्या फितींचा वारस कोण, हे बहुतेक घरांत कोणालाच ठाऊक नसते. गुगलसारख्या सेवेत खाते दीर्घकाळ निष्क्रिय राहिल्यास विश्वासू व्यक्तीकडे माहिती जाण्याची सोय आहे. ती आजच करून ठेवावी.

बोलण्याची जबाबदारी

काही सावधगिरीही आवश्यक आहे. नोकरीत असलेल्या तंत्रज्ञाने कंपनीचे करारपत्र वाचून मगच बोलावे. गिऱ्हाइकांची माहिती किंवा अंतर्गत बाबी सहज बोलण्यात निसटल्या तर नोकरीवर बेतू शकते. पाहुण्याची संमती लेखी घ्यावी. चित्रपटगीताचा तुकडा पार्श्वसंगीत म्हणून वापरू नये. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे राहतो.

व्यापारी घरांतील तरुण अर्थविषयक बोलण्याकडे वळतात, त्यांनी तर अधिकच जपावे. सेबीकडे नोंदणी नसताना मोबदला घेऊन अमुक समभाग घ्या, तमुक विका, असा सल्ला देणे नियमबाह्य आहे. गुंतवणूक सल्लागारांसाठी २०१३ पासून आणि संशोधन विश्लेषकांसाठी २०१४ पासून स्वतंत्र विनियम लागू आहेत. पेढीवर उच्चारलेला शब्द ऐकणारे दोघे-चौघे असत; मायक्रोफोनमध्ये उच्चारलेला शब्द किती जण ऐकतील आणि किती वर्षांनी ऐकतील, याचा नेम नाही.

आजोबांना आत बोलवा

आता पुन्हा त्या बंद दाराकडे येऊ. आत मुलगा परक्यांशी तासन्‌तास बोलतो, अशी तक्रार ज्या घरात आहे, त्याच घरात बाहेरच्या खोलीत आजोबा एकटे बसलेले असतात. भात कोठून येई, हुंडीचा व्यवहार कसा चाले, मुनीमजी रात्री रोजमेळ कसा जुळवत, पुरात माल कसा वाचवला, कोणाच्या शब्दावर किती हजारांचा माल सोडला, हे सारे त्यांच्या स्मरणात आहे. जुन्या चोपड्यांत आकडे आहेत. त्या आकड्यांमागची माणसे चोपडीत नाहीत. ती माहिती आजोबांबरोबरच जाणार आहे.

ती राखण्याची सर्व साधने घरातच आलेली आहेत. मायक्रोफोन आहे, शांत खोली आहे, संकलनाचे कौशल्य आहे. कमी आहे ती आठवड्यातील एका तासाची. नातवाने आजोबांना, आजींना त्या खोलीत सन्मानाने बसवावे, एक वीत अंतरावर मायक्रोफोन ठेवावा आणि एकच प्रश्न विचारून गप्प राहावे. मारवाडी, कच्छी, गुजराती किंवा मराठी, घरात जी बोली आहे तिच्यातच बोलू द्यावे. शब्द अडखळले तरी फीत थांबवू नये. वृद्धांच्या मौनानंतरच बहुधा मोलाची आठवण येते. हे भाग जगासाठी प्रसिद्ध केलेच पाहिजेत असे नाही. घरच्यांपुरते ठेवले तरी पुरे.

आजोबा एकदा त्या खोलीत बसून बोलले, स्वतःचा आवाज त्यांनी हेडफोनमधून ऐकला, की दारामागे नातू काय करतो हा प्रश्न त्यांना पुन्हा पडत नाही. नातवालाही कळते की पत, शब्द आणि भागीदारी यांबद्दल तो ज्यांच्याकडून शिकू पाहतो, त्यांपैकी एक जण घरातच आहे.

दिवाळीत आपल्याकडे चोपडीपूजन होते. यंदा त्या लाल चोपडीशेजारी एक लहानशी हार्ड डिस्कही ठेवावी. वर्षभरात त्या खोलीत जे बोलले गेले, नातवाचे आणि आजोबांचे, ते सारे तीत उतरवून घ्यावे, वर तारीख घालावी आणि पूजन झाल्यावर एक प्रत तिजोरीत व एक नातलगाच्या घरी पाठवावी. पेढीचे दप्तर जपणाऱ्या कुटुंबांना हे काम नवे नाही.